टोळी निघायच्या आधी

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी माझे पती शाळेतच वारले. मधल्या सुट्टीनंतर ते सातवीच्या वर्गात फळ्यापाशी बसले. त्यांना जीपमधून पाटोद्याला नेलं. संध्याकाळी घरी आणलं.

मी तेव्हा शेजारच्या वर्गात होते. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो, ते गणित आणि मी मराठी. सहावी आणि सातवीच्या मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. त्या दिवशी आधी त्यांचा आवाज थांबला. ते फळ्यावर लिहीत असतील असं मला वाटलं. मग मुलांचाही आवाज थांबला. सातवीची पोरं सर पाठमोरे झाले की कधी गप्प बसत नाहीत. मी पुस्तक हातात तसंच घेऊन उठले.

पुढचं इथे लिहीत नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांतलं.

आमची शाळा आठवीपर्यंतची, बालाघाटाच्या उतारावरच्या एका गावातली. सकाळी परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाला की एक मूल पुढे येऊन बातम्या वाचतं. वर्तमानपत्रातल्या दोन आणि गावातली एक, असा शिरस्ता आहे. गावातली बातमी मुलांनीच आणायची. पावसाळाभर ती कुणाच्या म्हशीची, नळाच्या पाण्याची, एसटी घाटात बंद पडल्याची असते. दसरा झाला की तिचा विषय एकच होतो. अमक्या मुकादमाची टोळी ऊसतोडीला गेली, तिच्याबरोबर पाचवीतले दोघे गेले, तिसरी-चौथीतली तिघं भावंडं गेली. मुलं हे हवामानाच्या अंदाजासारखं वाचतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरतो तेव्हा बाक मोकळे असतात, आणि उरलेली पोरं ऐसपैस बसायला शिकलेली असतात.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू होतं, पण ते दिवाळीनंतर. टोळ्या त्याच्या आधी निघतात. मधल्या दिवसांत मुलाला ठेवून घ्यायला घरात कुणी असलं तरच ते मूल राहतं. यंदा साखर कारखान्यांची धुराडी लवकर पेटणार होती, म्हणजे हे मधले दिवस वाढणार होते. माझे पती, गावाचे सर, दर वर्षी घरोघरी हिंडून एकेकाची सोय लावायचे. कुणाची चुलती, कुणाची मावशी, कुणाची शेजारीण. आईबापांना ते एकच सांगायचे, की पोराचं मी बघतो. त्यावर पोरं राहायची.

सातवीत एक मुलगी होती. परिपाठात बातम्या वाचायला सर तिलाच उभी करायचे, कारण ती घाई करत नसे. स्वल्पविरामाला थांबायची, पूर्णविरामाला वर बघायची. मागच्या वर्षापर्यंत ती आजोबांजवळ राहायची. यंदा आजोबांना काकाने पुण्याला नेलं, आणि गावात तिचं कुणी उरलं नाही. नवरात्रात तिचे वडील आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. उमदा माणूस, पण बोलायला अवघडणारा. मी आत सीताफळं निवडत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. पोरीला एकदा फडात नेली की ती पुन्हा पुस्तक हातात धरत नाही, हे त्यांनीच बोलून दाखवलं. त्यांच्या थोरलीचं तसंच झालं होतं. शाळा सुटली आणि पुढच्याच हंगामाआधी तिचं लग्न लावून दिलं. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाला जोडी लागते. धाकटीचं तसं होऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि ते टाळायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं.

सर म्हणाले, आमच्याकडे राहील. वसतिगृह सुरू होईपर्यंत काय, परीक्षेपर्यंत राहू द्या.

मग त्यांनी दाराकडे मान वळवून मला विचारलं. मी आतूनच हो म्हटलं. आम्हाला मूलबाळ नाही. मागच्या खोलीत त्याच आठवड्यात त्यांनी एक खाट टाकली, खिडकीजवळ टेबल सरकवलं आणि नवा बल्ब लावला.

तेव्हा ठरलं ते एवढंच.

सर गेल्यावर घर माणसांनी भरलं. माझ्या नणंदबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, लिंबागणेशहून आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. दीर आले, माहेरची माणसं आली. पुढच्या खोलीत सतरंजी पडली, ती दिवसभर उचलली जात नव्हती. सुतकात मी घराबाहेर पडायचं नव्हतं. तशी सक्ती कुणी केली नाही, पण उंबऱ्यापर्यंत गेले तरी कुणीतरी मागून हाक मारायचं.

दुखवट्याला माणसं कशी येतात हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण सतरंजीच्या त्या बाजूला कधी बसले नव्हते. माणूस येतो, नमस्कार न करता बसतो. कसं झालं एवढं विचारतो. घरातलं कुणीतरी तेच पुन्हा सांगतं. मग सगळे गप्प. चहा कुणी मागत नाही, कुणी विचारत नाही. शेताचं, व्यवहाराचं, देण्याघेण्याचं बोलणं त्या घरात काढायचं नसतं. थोड्या वेळाने माणूस उठतो आणि येतो असं न म्हणता निघून जातो. जाताना येतो म्हणायचं नाही, कारण अशा कारणाने पुन्हा यावं लागू नये. मला हा रिवाज चांगला वाटत होता. त्याच्यामुळे मला कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

मुलीचे वडील आले ते एका दुपारी. दारालगत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्याआधी आलेले दोघं पाहुणे कसं झालं ते ऐकत होते, तेच यांनीही ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते. हे आता काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. टोळी कधी निघणार, पोरीला कधी आणून सोडणार, किंवा आता नको, एवढंसुद्धा. ते बोलले नाहीत. त्यांची नजर दोनदा मागच्या खोलीकडे गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मीही तिकडे बघितलं. खाटेवर पाहुण्यांची अंथरुणं छातीइतकी रचलेली होती, टेबलावर पिशव्या होत्या.

मी विचारायला हवं होतं. पण आक्का शेजारी होत्या, दीर होते, दोन परकी माणसं होती, आणि नवऱ्याच्या दुखवट्यात बसून परक्या मुलीच्या शाळेचं बोलणं मी कसं काढणार, असं मला वाटलं. दुसरंही एक वाटलं. ते इथे लिहिते, कारण ते खरं आहे. ह्या घरात आता एक मूल वागवणं मला जमेल का, याची मला खात्री नव्हती. त्यांनी नको म्हटलं असतं तर मला कदाचित सुटल्यासारखं झालं असतं.

ते उठले, टोपी घातली आणि गेले. मी मनाशी धरलं की माणसाने ठरवलं आहे. पोरीला बरोबर न्यायचं ठरलं आहे आणि तोंडावर सांगवत नाही, म्हणून नुसतं बसून गेला.

त्यानंतर मला झोप लागेना. सरांच्या जाण्याने ती आधीच लागत नव्हती, आता आणखी एक कारण झालं. ते असते तर काय केलं असतं हे मला माहीत होतं. त्यांनी पायात चपला घातल्या असत्या आणि तिचं घर गाठलं असतं.

दोनेक दिवसांनी शाळा सुटल्यावर सातवीच्या मुली मला भेटायला आल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या दप्तरासकट आल्या आणि रांगेने सतरंजीवर बसल्या. सतरंजीवरचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून पाळता येत नव्हते. थोडा वेळ त्या दप्तराचे पट्टे ओढत बसल्या. मग एकीला हसू फुटलं, दुसरीने तिला कोपर मारलं, आणि त्या बोलायला लागल्या. सहामाहीचं वेळापत्रक लागलं. गणिताचा तास मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, घेतात, त्यांना अपूर्णांक येत नाहीत असं सगळ्यांचं मत आहे. खो-खोचा संघ तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरला. आक्का दारातून त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मी त्यांना खुणेने राहू द्या म्हटलं. त्या दिवसांत मी पहिल्यांदाच काहीतरी ऐकत होते.

ती मुलगी त्यांच्यात नव्हती. मी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तिच्या बाकावर बसणारीने सांगितलं की ती आठवडाभर शाळेत नाही. सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी परिपाठात ती बातम्या वाचायला उभी राहिली. पेपरातल्या दोन वाचल्या. गावातली बातमी वाचायची वेळ आली तेव्हा ती तशीच उभी राहिली, मोठ्या सरांनी तिला बस म्हणेपर्यंत. त्यानंतर ती आली नाही.

"तिची टोळी उद्या सकाळी निघणार हाय, बाई," ती म्हणाली. "तिला बी नेतेत. तिच्या आईला तान्हं हाय ना, त्याला धरायला."

"तिचे वडील नेतो म्हणाले?"

"ते न्यायचं नव्हं म्हणत होते. इथं आलते तुमाला इचारायला. पण तुमच्या घरात लई पाव्हणे, अन् तुमी काई बोलला न्हाईत. मग ते म्हणले, सरच गेले, आता कोणत्या तोंडानं इचारावं."

मला जे समजायला हवं होतं ते एका बारा वर्षांच्या मुलीकडून समजलं. तो माणूस नाही सांगायला आला नव्हता. सरांचा शब्द अजून चालतो का, ते बघायला आला होता. दुखवट्यात असलं विचारायचं नसतं म्हणून तो बसून राहिला, आणि त्याच कारणाने मीही. त्याने अंथरुणांनी भरलेली खाट बघितली आणि आपलं उत्तर घेऊन गेला. मी त्याला उठताना बघितलं आणि माझं घेतलं.

मुलींबरोबर मी तिच्या वडिलांना निरोप पाठवला की बाईंनी बोलावलं आहे. फोन करायचा तर त्यांचा नंबर सरांच्या फोनमध्ये होता, आणि तो फोन त्यांच्या बोटाने उघडायचा. संध्याकाळी निरोप परत आला. वडील ताडपत्री आणायला पाटोद्याच्या बाजारात गेलेत, आले की सांगते असं तिची आई म्हणाली. दिवेलागणी झाली. कुणी आलं नाही.

सकाळी मी साडी बदलली तेव्हा आक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बदललेल्या साडीकडे बघितलं.

"कुठं चाललीस?"

मी सांगितलं.

"तेरावं व्हायचं हाय अजून. गाव काय म्हणल?"

मी म्हटलं, टोळी आज निघते आहे.

"तर मग कुणाला तरी धाड. दीर हायेत, पोरं हायेत. अन् ती लोकं निघायच्या वक्ताला तू अशी समोर जाऊन उभी ऱ्हाणार?" आक्कांनी लाकूड चुलीत आत सारलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. सहा महिन्यांच्या वाटेला निघणाऱ्या माणसांसमोर नुकतीच विधवा झालेली बाई येऊ नये. त्या हे क्रूरपणे म्हणाल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर कित्येक वर्षांत कुंकू नव्हतं, आणि कुठे कुठे उभं राहायचं नाही ते त्या पाठ करून बसल्या होत्या.

दिराला पाठवलं असतं तर चाललं असतं का, हे मी चपला घालताना स्वतःला विचारलं. नसतं चाललं. शब्द घरातल्या दोघांनी दिला होता, आणि त्यातलं एकच माणूस उरलं होतं.

टोळी मारुतीच्या पाराजवळून निघायची. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, ताडपत्रीची भेंडोळी, पाण्याच्या टाक्या, एक करडू, टोपलीखाली कोंबड्या. त्या सगळ्याच्या वर माणसं बसत होती. मला येताना आधी एका म्हाताऱ्याने बघितलं. मग बोलणं टप्प्याटप्प्याने थांबत गेलं. मला ती शांतता ओळखीची वाटली.

एका बाईने पदर तोंडावर घेतला आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारणीने नारळ हातात धरलेला होता. चाकाला फोडायचा तो. तिने तो खाली घेतला.

मुकादम ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला होता. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, तुमी घरी जावा. काय असल ते फोनवर बोला." आवाज चढवला नव्हता. तो सरांचा विद्यार्थी होता.

मुलगी मागच्या ट्रॉलीत पेटीवर बसली होती, मांडीवर तान्हा भाऊ. तिने मला बघितलं आणि लगेच बाळाकडे बघायला लागली.

तिचे वडील दोरी बांधत होते. ते पुढे आले, पण थोडं अंतर ठेवून थांबले.

"बाई, तुमी कावून आलात? निरोप मिळालता मला. रातच्याला येऊ का नको, असं झालं."

मी म्हटलं, "सरांनी शब्द दिला होता. तो माझाही होता. तो अजून आहे."

ते हातातल्या दोरीचं टोक उलगडत राहिले.

"त्या दिशी मी आलतो," ते शेवटी म्हणाले. "तुमी काईच बोलला न्हाईत."

"तुम्हीही नाही."

मागून कुणीतरी म्हणालं की ऊन चढायच्या आत घाट उतरायचा आहे. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, मग मुकादमाने हात केला तेव्हा बंद केलं. वडिलांनी ट्रॉलीकडे बघितलं. निर्णय आता त्यांच्याजवळ नव्हता. तिची आई ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून उभी होती. माझ्याहून किती तरी लहान, पण हात माझ्याहून म्हातारे.

"मी फडात असल्यावर ह्याला कोण बघल?" ती म्हणाली.

ती मला विचारत होती. टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि मी बाई होते, शाळेत शिकवत होते. मी येताना वाटेत सगळं जुळवलं होतं. मुलीचा अभ्यास, तिचं वाचन, वसतिगृह, थोरलीचं उदाहरण. बाळाचं काही जुळवलं नव्हतं. उसाच्या फडात तान्ह्या मुलांना कुठे ठेवतात ते मला माहीत होतं. पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर, सावली सरकेल तसं सरकवत. ट्रॅक्टर उलटे येतात तिथेच.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

सगळे थांबले होते. नारळवाली बाई, मुकादम, वडील. मी जर तिथून हललेच नाही तर टोळी माझ्यासमोरून निघायला तयार नव्हती, हे मला कळत होतं. दुखवट्यातल्या बाईला तोंडावर नाही म्हणणंही त्यांना जड जात होतं, तेही कळत होतं. हे दोन्ही माझ्या बाजूचं होतं. मी ते मागितलं नव्हतं, पण मी ते वापरत होते. मी तिथे उभी राहिले.

आईने हात वर केले आणि मुलीच्या मांडीवरून बाळ घेतलं.

"उतर," ती म्हणाली.

मुलगी हलली नाही.

"उतर म्हणते ना. कपड्याची पिशवी घे. चपला तिकडं पेटीखाली हायेत."

मला तोंडावर नाही म्हणणं तिला जमत नव्हतं म्हणून तिने ते केलं, की मी लवकर तिथून जावं म्हणून, की पोरीने शिकावं म्हणून, हे मी तिला विचारू शकले नाही. तिने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. मुलगी चाकावर पाय देऊन खाली आली. वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला माझ्या बाजूला थोडंसं ढकललं. ती रडत नव्हती. आईकडे बघत होती, आणि आई बाळाला पदराखाली घेत होती.

आम्ही वळलो आणि बऱ्याच अंतरावर गेलो, तेव्हा मागे नारळ फुटल्याचा आवाज आला.

घरी आक्कांनी दोघींच्या पायांवर पाणी घातलं. मुलीला विचारलं, खाल्लंस का. ती नाही म्हणाली. आक्का आत गेल्या आणि मागच्या खोलीतली अंथरुणं एकेक करून पुढच्या खोलीत आणायला लागल्या. माझ्याशी त्या त्यानंतर दोन दिवस बोलल्या नाहीत. मुलीशी बोलत होत्या.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दिवाळी आमच्या घरी नव्हती, पण शेजारणीने मुलीसाठी ताट पाठवलं. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आम्ही दोघी बरोबर निघालो. सातवीत पुष्कळ बाक मोकळे होते. गणिताला अजून नवे शिक्षक मिळालेले नाहीत. मोठे सर अपूर्णांक शिकवतात, आणि भिंतीच्या वरून ते मला ऐकू येतात. वसतिगृह सुरू झालं. तिथे जायचं की माझ्याकडे राहायचं, हे मी मुलीला विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, जेवण तिथं, झोपायला इथं. परिपाठात ती पुन्हा बातम्या वाचते. आपल्या टोळीची बातमी तिने वाचली नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचली.

रात्री ती अभ्यास करते आणि मी वह्या तपासते. आम्ही फार बोलत नाही. कधी ती एखादा शब्द विचारते. कधी मी जेवताना घास हातात धरून थांबते आणि ती ते बघून न बघितल्यासारखं करते. मला मूल वागवता येईल का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण मी रोज सकाळी उठते, कारण तिचा डबा करायचा नसला तरी तिची वेणी घालायची असते.

तिच्या आईचा रविवारी फोन येतो. कारखान्यावर संध्याकाळी रेंज बरी असते. ती आधी मुलीशी बोलते, मग फोन माझ्याकडे येतो. ती विचारते, अभ्यास करती का, तरास देती का. मी सांगते, सगळं ठीक आहे. ती म्हणते, इकडं बी ठीक हाय. मागे कधी बाळाचा आवाज येतो, कधी येत नाही. ती फडात असताना बाळाजवळ कोण असतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.